कुणाचा रे तू?

वाईत आमच्या लहानपणी दुकानाच्या पायरीवर जाऊन उभं राहिलं की दुकानदार आधी "काय पाहिजे?" असं विचारत नसे. चष्म्याच्या वरून बघायचा आणि म्हणायचा, "कुणाचा रे तू?" मी सांगायचो, मधल्या आळीतल्या अण्णांचा. मग शेठ नुसतं "हं" म्हणायचे. त्या एका "हं"मध्ये छटाकभर चहाची पूड, अर्धा किलो साखर, बाटलीभर रॉकेल, आजीची तपकिरीची पुडी, सगळं बसायचं. पैसे माझ्या खिशात नसायचेच. "खात्यावर मांडा" एवढं म्हटलं की झालं.

ही १९७० च्या मागची-पुढची गोष्ट. वडील सरकारी कचेरीत कारकून. पगार एक तारखेला, आणि वीस तारखेपासून घरात "पुढच्या महिन्यात बघू" सुरू. तरी आमची चूल कधी थंड राहिली नाही. त्यात आईची काटकसर होती तसा शेठच्या त्या "हं"चाही वाटा होता.

वाई म्हणजे कृष्णेच्या काठानं लांबट पसरलेलं गाव. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा सात आळ्या, आणि आळीआळीचा आपापला कृष्णाबाईचा उत्सव. मध्ये ढोल्या गणपती. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी तिच्यावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. पावसाळ्यात गावात एकच चौकशी: पाणी कुठवर आलं? ते देवळाकडे सरकायला लागलं की खालच्या बाजूचे दुकानदार गुळाच्या ढेपा माळ्यावर चढवायला घेत. रेल्वे गावाला नव्हती, आजही नाही. वाठारला उतरायचं आणि एसटीनं यायचं. त्यामुळे नवखा माणूस स्टँडवर उतरला की तिथंच नवखा म्हणून ओळखला जायचा. बाकीचे सगळे कुणाचे तरी होते.

शेठच्या दुकानाला शटर नव्हतं, उभ्या फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर डांबरानं आकडा घातलेला. सकाळी त्या एकामागून एक काढायच्या आणि रात्री त्याच क्रमानं खाचेत सरकवायच्या. एकदा नोकरानं सात आणि आठची अदलाबदल केली तर शेवटची फळी बसेना, आणि शेठ अर्धा तास रस्त्यात उभे राहून त्याला आकडे शिकवत होते. आत उंचावर गादी, गादीपुढे उतरता लाकडी गल्ला, डोक्यावर टांगलेलं दोऱ्याचं बंडल. हात वर न करता, न बघता, दोऱ्याचं टोक बरोबर शेठच्या बोटात यायचं. कागद असा काही वळवायचे की त्याचं शंकू व्हायचं, मग धने, वरून दुमड, दोन वेढे, एक हिसका. दोरा दातानं तोडलेला मी कधी बघितला नाही. बोटावरच तुटायचा.

पुडीचा कागद रद्दीचा. वर्तमानपत्रं असायचीच, पण परीक्षा झाल्या की शाळेतल्या उत्तरपत्रिकाही तिथं येऊन पडत. सातवीत असताना मी हिंग आणायला गेलो, तर शेठ कागद वळवता वळवता थांबले. कागद उलटा करून बघितला, माझ्याकडे बघितलं. सहामाहीचा गणिताचा पेपर. माझाच. चाळीसपैकी अकरा. "अण्णांना तू सांगितलंयस, का मी सांगू?" मी काही बोललो नाही. त्यांनी तो पेपर बाजूला ठेवला, हिंग दुसऱ्या कागदात बांधून दिला, आणि वर गुळाचा खडा हातावर ठेवला. तो खडा मी देवळापर्यंत तोंडात धरला होता, गोड लागला नाही. अण्णांना त्यांनी सांगितलं की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. इतकं मात्र खरं, की पुढची दोन वर्षं हिशेबाच्या वेळी ते मुद्दाम मला बेरीज करायला लावायचे.

दिवाळीच्या पाडव्याला नव्या चोपड्यांची पूजा व्हायची. लाल कापडाच्या, लांबट, दोऱ्यानं बांधलेल्या. पहिल्या पानावर "श्री", हळदकुंकवाची बोटं, वर सुपारी. गावातल्या प्रत्येक घराला त्या चोपडीत एक पान होतं. आमच्या पानावर आडनाव नव्हतं, नुसतं "अण्णा, मधली आळी". आमचं आडनाव गावात चालणारं होतं, त्यामुळे ते लिहायची गरज पडत नसावी.

ही उधारी शेठला कशी परवडायची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. गाव जगत होतं आजूबाजूच्या शेतावर, आणि शेतात पैसा वर्षातून एकदोनदाच उगवतो. वाईच्या भोवती हळद होते. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावायची, ती निघते माघ-फाल्गुनात. काढली की लगेच विकता येत नाही. गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी, मग मोठ्या काहिलीत पाला झाकून उकडायची. शिजली की नाही हे बघायला काडी टोचतात. सहज आत गेली की उतरवायची. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची. शंभर किलो ओली हळद असेल तर वाळून हातात वीसेक किलो येते. शेवटी पॉलिश, म्हणजे जाळीच्या पिंपात घालून ते पिंप दोघांनी गरागरा फिरवायचं. त्या दिवसांत पिंप फिरवणारी माणसं संध्याकाळी गावात यायची ती पापण्यांपर्यंत पिवळी. न्हाव्याच्या दुकानातलं पाणी पिवळं, हॉटेलातल्या बाकड्यांवर पिवळे हात उमटलेले. हळदीचा सौदा झाला की शेतकरी पहिल्यांदा कापडवाल्याकडे जायचा, मग किराण्याकडे, मग सोनाराकडे. आणि नाही पुरलं तर उलट्या क्रमानं. त्या पैशातून कापडवाला शेठचं देणं फेडायचा, शेठ घाऊकवाल्याचं. एक गाडी हळद बाजारात आली की गावातल्या वीस चोपड्यांत काहीतरी खोडलं जायचं. आमच्या आजोबांच्या आठवणीत सौद्याच्या वेळी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याची हळद तोच समोर उभा, आणि त्यालाच कळायचं नाही की वर काय चाललंय. हे सांगताना आजोबा रुमाल काढून माझी बोटं दाबून दाखवायचे. मला ते जादूसारखं वाटायचं. शेतकऱ्याला कसं वाटत असेल हे विचारायचं माझं वय नव्हतं.

आजीला किलो-ग्रॅम कधी पटले नाहीत. ती सांगायची मापटंभर, चिपटंभर, निळवंभर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दशमान नाणी १९५७ मध्ये आली तरी आमच्याकडे पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत. शेठ आजीचं चिपटं मनातल्या मनात ग्रॅममध्ये करायचे आणि चुकायचे नाहीत.

गिरणी बाजारपेठेच्या मागे. विजेची मोटर आली होती तरी जुनं तेलाचं इंजिन कोपऱ्यात ठेवलेलं, आणि वीज गेली की ते सुरू व्हायचं. त्याच्या धुराच्या नळीवर काहीतरी पालथं घातलेलं असे, त्यातून "पुक् पुक् पुक्" असा आवाज यायचा तो थेट नदीपलीकडे ऐकू जाई. गिरणीत डबा ठेवून यायचं काम पोरांचं. आणि ठेवताना ओरडून सांगायचं, "गव्हावर गहू टाका हो!" आधीच्या बाजरीचं पीठ जात्यात उरलेलं असतं, ते आपल्या गव्हात येतं आणि पोळ्या काळ्या होतात. यावरून बायकांची अशी भांडणं व्हायची की गिरणीवाल्यानं शेवटी कंटाळून दुपारपर्यंत गहू आणि दुपारनंतर ज्वारी-बाजरी असा नेम केला. दर काही दिवसांनी तो जात्याच्या तळीला टाकी लावायचा. त्या दिवशीच्या पिठात दाताखाली कचकच यायची म्हणून आई त्या दिवशी डबा पाठवत नसे. टाकी कधी लावली हे तिला कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं.

गिरणीवाल्याला गावातल्या प्रत्येक घरात काय शिजतं ते ठाऊक. कुणाच्या डब्यात नुसती ज्वारी, कुणाकडे सण, कुणाच्या घरी पाहुणे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आली, ती तांबडी ज्वारी. आमच्याही डब्यात होती. अण्णांनी मला बजावलं होतं, डब्याचं झाकण घट्ट लाव. सगळा गाव मिलो खात होता, तरी प्रत्येक डब्याचं झाकण घट्ट होतं. गिरणीवाल्यानं झाकण उघडायचं, धान्य बघायचं आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता ओतायचं. मला तो त्या वर्षी फार मोठा माणूस वाटला. आणि तरी, त्याच गिरणीत काही डबे रांगेत नसत. ते बाहेर, भिंतीपाशी ठेवलेले असत आणि संध्याकाळी सगळं आटोपल्यावर दळले जात. ते कुणाचे, असं मी तेव्हा विचारलं नाही.

कल्हईवाला वर्षातून दोनदा यायचा आणि पिंपळाखाली बसायचा. त्याच्याकडे मी तासन्‌तास बघत बसे. जमिनीत लहानसा खड्डा, त्यात कोळसे, खालून भात्याची नळी. भाता त्याचा पोरगा दाबायचा, माझ्याच वयाचा. पातेल्यात वाळू आणि चिंध्या घालून कल्हईवाला त्यात अनवाणी उभा राहायचा, हातानं झाडाच्या फांदीला धरून कमरेतून डावी-उजवी गिरक्या घ्यायचा. पिंगा घालावा तसा. पातेलं आतून लखलखीत व्हायचं. मग ते भट्टीवर तापवायचं, चिमट्यानं फिरवत फिरवत. बरोबर तापलं हे त्याला वासावरून कळायचं. नवसागराची चिमूट टाकली की भस्सकन पांढरा धूर, नाक झोंबून डोळ्यांत पाणी. त्या धुरातच कथलाची कांडी दोनचार ठिकाणी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं सपकन फिरवायची. पिवळ्या पितळेवर चांदी पसरायची. एका दमात, खालून वर. मग पाण्याच्या बादलीत चर्रर्र.

हे न केलं तर पितळेच्या भांड्यात आमटी, ताक कळकतं, निळसर होतं आणि पोटात जाऊ नये ते जातं. म्हणून कल्हईवाला आला की आळीतल्या बायका कपाटामागची भांडीसुद्धा काढायच्या. वीस-वीस घरांची भांडी त्याच्यापुढे ढिगानं पडलेली. त्यांच्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नावं घातलेली असत, कुणाच्या रुखवताची, कुणाच्या मुंजीची, कुणाच्या स्मरणार्थ. पण त्याला वाचता येत नव्हतं. तो भांड्याच्या पोचावरून घर सांगायचा. आमच्या कळशीला काठाशी एक खोक होती. विहिरीच्या काठावरून आत्यानं पाडली होती ती, तिच्या लग्नाआधी. कल्हईवाला म्हणायचा, "ही अण्णांची." आत्या सासरी जाऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी तिचा तो धांदरटपणा कल्हईवाल्याच्या खतावणीत शिल्लक होता. स्टेनलेस स्टील आलं, बोहारणी जुन्या साड्यांवर ताटं देऊ लागल्या आणि तो यायचा थांबला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. एका दिवाळीला आई म्हणाली, "अरे, यंदा कल्हईवाला आलाच नाही." तर आजी म्हणाली, "गेल्या दिवाळीलाही आला नव्हता."

आता भज्यांची गोष्ट.

स्टँडजवळच्या एका हॉटेलात गरम भजी मिळायची. मी बारा वर्षांचा. "खात्यावर मांडा" या मंत्राची ताकद मला कळलेली, पण तो किराणा दुकानाबाहेर चालतो का हे तपासलेलं नव्हतं. एका शनिवारी अर्ध्या शाळेनंतर मी वर्गातल्या चौघांना घेऊन तिथं गेलो आणि साहेबाच्या थाटात पाच प्लेट भजी मागवली. खाऊन झाल्यावर गल्ल्यापाशी जाऊन म्हटलं, "अण्णांच्या नावावर मांडा." मालकानं विचारलं, "कुठल्या?" मधल्या आळीतल्या. "हं." चाललं!

त्या चौघांत माझ्या बाकावरचा मित्र होता. तो गल्ल्यापाशी माझ्या मागे उभा होता. पुढे येऊन म्हणाला, "काका, माझं नका मांडू. माझे पैसे हायेत." आणि चड्डीच्या खिशातून मोजून नाणी काढली. मला राग आला. मी पार्टी देतोय आणि हा मध्येच! बाहेर आल्यावर त्याला म्हटलं, "तुला फुकट खाता येत नाही का?" तो म्हणाला, "बा म्हणतो, कुणाच्या वहीत नाव घालायचं नाही." वडील रस्त्याच्या कामावर होते. घर बौद्ध वस्तीत. १९५६ ला धर्मांतर होऊन दीड दशक होत आलं होतं, तरी गाव त्या वस्तीला जुन्याच नावानं हाक मारायचं.

महिनाअखेरीस हॉटेलवाल्याचा पोरगा बिल घेऊन घरी आला. अण्णांनी कागद वाचला, पैसे दिले. मला काही बोलले नाहीत. रात्री जेवताना आईला म्हणाले, "उद्यापासून त्याला कुठं सामानाला पाठवू नकोस. माझं नाव त्याच्या खिशाला जड होतंय." चार महिने मी कुठल्याच पायरीवर गेलो नाही. तेवढ्यात सगळ्या पेठेला भज्यांची बातमी लागलेली. न्हावी केस कापताना म्हणाला, "काय, आज कुणाच्या नावावर?"

गाव असं होतं. तुमचं नाव चालायचं, पण तुम्ही काय केलंत तेही त्याच नावावर मांडलं जायचं. सायकलच्या दुकानात मला तासाच्या बोलीवर अर्धी सायकल अनामत न ठेवता मिळे. पण नदीपलीकडे पडलो तर माझ्याआधी बातमी घरी पोचायची. बिडी ओढून बघायची म्हणून आम्ही मेणवलीच्या वाटेला लागलो, चांगले दोन मैल, तर तिथं शेतातून एक म्हातारी ओरडली, "कुणाचा रे तू?" जुन्या गावाच्या आठवणी लिहिताना लोक माया, विश्वास असले शब्द फार वापरतात. मीही वापरले असते. पण मला त्या म्हातारीचा आवाज आठवतो.

आणि दुसरं एक आठवतं.

चार महिन्यांनी मला परत सामानाला पाठवायला लागले. पहिल्याच दिवशी शेठच्या पायरीवर पोचलो तर मित्र तिथं आधीच उभा. खालच्या पायरीवर. मी सवयीनं वरच्या पायरीवर गेलो. शेठनी माझ्याकडे बघितलं, "बोल." मी यादी सांगितली, त्यांनी पुड्या बांधल्या, मांडलं. मग एक बाई आल्या, त्यांचं झालं. मग कुणीतरी. तो उभाच. त्याच्या मुठीत रुपयाची नोट होती, घडी करून करून लहान झालेली. माझ्या खिशात काही नव्हतं. शेवटी शेठ म्हणाले, "काय रे? ठेव तिथं." त्यानं नोट पायरीवर ठेवली. नोकरानं ती उचलली, तेलाची बाटली आणि मिठाची पुडी आणून पायरीवर ठेवली, आणि वर सुटे पैसे टाकले. एक दहा पैशाचं नाणं पायरीवरून घरंगळत खाली रस्त्यात गेलं. दहा पैशाचं नाणं ॲल्युमिनियमचं असायचं तेव्हा, आवाजसुद्धा करत नाही. तो वाकला आणि शोधायला लागला. मी शोधायला गेलो नाही. मी माझ्या पुड्या छातीशी धरून वरच्या पायरीवर उभा होतो, आणि पिशवी आणायला विसरलो याची मला काळजी पडली होती.

शेठ वाईट माणूस नव्हते. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि परत लिहिलं. माझा अकरा गुणांचा पेपर लपवणारे तेच. गुळाचा खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला होता.

हे सगळं ज्या गावात चाललं होतं ते काही अडाणी गाव नव्हतं. वाईत प्राज्ञपाठशाळा होती, धर्मकोशाचं काम होतं. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही असं पोथ्या उलगडून सांगणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच गावात राहणारे; गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कामात त्यांच्या शास्त्रार्थाचा उपयोग झाला. पुढे मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी इथंच बसून चालवलं, आणि १९७६ साली पहिला खंड निघाला तेव्हा गावाला आपल्या दारात काय घडतंय याचा अंदाज आला. जगातलं सगळं ज्ञान अकारविल्हे लावणारी माणसं संध्याकाळी पेठेतून घरी जायची. शेठच्या दुकानाच्या दोन पायऱ्यांमध्ये किती अंतर आहे याची नोंद मात्र कुठल्या खंडात नाही.

चोपड्यांचंही तेच. उधारीवर जगलेला मी, मला त्या लाल कापडाचं अप्रूप. पण १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज रस्त्यात आणून जाळले, तेव्हा जळणारे कागदही असेच श्रीकार घातलेले असणार. सरकारनं चौकशी नेमली, १८७९ मध्ये कायदा केला. मित्राच्या बापाला हे सनवार ठाऊक असायचं कारण नाही. त्याला एवढंच माहीत होतं की वहीत नाव गेलं की ते दुसऱ्याच्या हातात जातं.

मित्र शिकला. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, नंतर गावोगाव शाखा निघाल्या, आणि परीक्षा देऊन तो त्यांतल्या एका बँकेत लागला. कारकून म्हणून लागला, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाला. बरीच वर्षं पीककर्जाच्या टेबलावर होता. मी एकदा त्याला म्हटलं, बघ, तू तरी शेठसारखं कुणाला पायरीवर उभं केलं नसशील. तो हसला. "तिथंही तेच विचारायचो रे मी, कुणाचा तू. फक्त फॉर्म भरून घेऊन. दोन जामीनदार आण म्हणायचो. ज्याला गावात कुणी ओळखत नाही त्याला जामीन कोण राहणार? तो परत जायचा. मी साहेब होतो तरी परत जायचा."

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं वाईत भेटलो. मी पुण्याला असतो, तो साताऱ्याला. पेठ ओळखू येत नाही आणि येते. पाचगणीला जाणाऱ्या गाड्या सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटाच्या पायथ्यापर्यंत मुंगीच्या पावलानं सरकतात. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं तेव्हापासून तिथं फोटो काढायला गर्दी. गिरणीच्या जागी मोबाईलचं दुकान. शेठचं दुकान नातवाकडे आहे; फळ्या गेल्या, शटर आलं, पायऱ्या काढून रस्त्याच्या पातळीवर फरशी घातली. गल्ल्यावर पाटी आहे, "आज रोख, उद्या उधार". आम्ही बाहेरून बघितलं. मी म्हटलं आत जाऊ या. तो म्हणाला, "चहा पिऊ."

चहाच्या टपरीवर गर्दी होती. पोरं फोन पुढे करायची, खोका बोलायचा, "वीस रुपये मिळाले", आणि ती निघून जायची. दुकानदार मान वर करून बघतही नव्हता. मित्रानं पन्नासची नोट काढली. मी म्हटलं, अरे, फोननं दे की, तुझ्याकडे आहे ना. "आहे," म्हणाला, आणि नोट पुढे केली.

दुकानदारानं नोट घेतली आणि सुटे तीस रुपये काचेच्या बरणीवर ठेवले. एक वीसची नोट, दोन पाचची नाणी. मित्रानं ती उचलली नाहीत. त्यानं हात पुढे केला, तळवा वर, आणि तसाच उभा राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, आजोबा, सरका जरा. तो सरकला नाही. दुकानदार दुसऱ्याला कप देत होता. त्यानं हात बघितला, पैसे बरणीवर आहेत असं मानेनं दाखवलं. हात तसाच. मी बाजूला उभा, आणि मला उगीचच खाली रस्त्याकडे बघावंसं वाटत होतं.

शेवटी दुकानदारानं कप ठेवला, बरणीवरची नोट उचलली, दोन्ही नाणी उचलली आणि तळव्यावर ठेवली. बोटं तळव्याला लागली.

मित्रानं मूठ मिटली. "चल," म्हणाला, "घाटावर बसू थोडं."